गोठ्यामागचं डांगर

बेबाबाईने खुरप्याच्या टोकाने ओली माती उकरली, तिळवणीचं रोप मुळांसकट आत बसवलं आणि दोन्ही तळव्यांनी माती दाबली.

"हाई काय गवत लाई ऱ्हायनी तू?"

सासू, वच्छलाबाई, मागच्या दारात उभी होती. उंबऱ्याच्या आत.

"गवत नाई, आत्याबाई. फुलं हायेत."

"गवतले फूल उनं म्हनीसन ते काय मोगरा व्हई जास का?"

"मधाच्या माशीले मोगरा नाई लागत. हेच लागते."

वच्छलाबाईने नाक मुरडलं. लग्नाला चार वर्षं झाली तरी पहूरच्या या सुनेच्या तोंडचं 'हाये-नाई' काही जात नव्हतं. धुळ्याच्या या बाजूला सगळं गाव 'शे' म्हणत होतं; ती एकटी म्हणत नव्हती.

गोठ्यामागचा हा कोपरा बेबाबाईचा होता, म्हणजे महिन्यातले ते दिवस तिचा होता. बाहेर बसलेल्या बाईसाठी तिथे एक गोणपाट होतं, वेगळं ताट, वेगळा तांब्या. एरवी तिकडे कोणी फिरकत नसे. म्हणूनच गेल्या साली तिने शेताच्या बांधावरून तरवडाच्या शेंगा आणून तिथे फोडल्या होत्या, कुंभ्याचं बी भिरकावलं होतं. आता तरवड कमरेएवढा झाला होता आणि अंगभर पिवळा झाला होता. कुंभ्याच्या गोल बोंडांना पांढरी फुलं लागली होती. माहेरी तिची आई वेलांच्या कडेने हेच लावायची आणि जात्यावर बसली की म्हणायची:

*कुंभ्याच्या फुला, तुले कोन घरात पुसे*
*माशीच्या वाटेवर तुहा पांढरा दिवा दिसे*

इथे सासरी सगळ्यांचा जीव होता तो डांगराच्या एका वेलावर. सासरे, मोतीलाल, यांनी लावलेलं ते लाल डांगर, तांबडा भोपळा. दरवर्षी त्याच वेलाचं बी धरायचं आणि पितरांच्या पंधरवड्यात त्याचीच भाजी करायची, अशी घरची रीत. सासरे गेले, आणि नेमकं तेव्हापासून दोन वर्षं वेलावर मुठीएवढी डांगरं धरत आणि पिवळी पडून गळून जात. वच्छलाबाईने वेलावर फाटकी चप्पल टांगली, काळं फडकं बांधलं. तरी गळती थांबेना, तेव्हा आळीतल्या बायांना कारण सापडलं. सुनेची सावली पडली असेल. बाहेर बसलेल्या बाईची सावली वेलाला जाळते.

तेव्हापासून बेबाबाईने वेलाला हात लावायचा नाही, असं ठरलं. एरवीच्या दिवसांतसुद्धा.

ती भांडली नाही. पण चौफेर कपाशी होती, आणि कपाशीवर औषधाचे पंप सुरू झाल्यापासून परसात एक माशी गुणगुणलेली तिने ऐकली नव्हती. वेलाला फुलं येत, पहाटे उमलत, ऊन चढलं की मिटत. त्यांच्याकडे कोणी येतच नसे. हे तिने एकदा सांगून पाहिलं, तर नवरा हसला होता. "माशी काय वरात लई येस का फुलनी?"

यंदा मात्र उरल्यासुरल्या जुन्या बियांतून आलेला वेल गोठ्याच्या कुडावर चढला आणि सरळ तिच्या कोपऱ्याकडे निघाला. वेलाला घरची रीत ठाऊक नव्हती. त्याचा शेंडा गोणपाटापासून हातभर अंतरावर आला, तेव्हा बेबाबाईने त्याला वळवलं नाही. स्वतःही सरकली नाही.

दारातून वच्छलाबाई आत वळणार, तोच बेबाबाईचा नवरा, पितांबर, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन परसात आला. शेतातलं औषध थोडं उरलं होतं.

"वेलले कीड शे," तो आईला म्हणाला. "दोन फवारा मारी देस. आनि या गवतवरबी मारी देस."

बेबाबाई उठली. वेलासमोर, तरवडाला पाठ लावून उभी राहिली.

"इथं नाई मारायचं."

"सरक."

"नाई सरकत."

"येडी व्हयनी का तू?"

"सरकवा मंग. या, हात धरा आन् बाजूले करा मले."

पितांबर एक पाऊल पुढे आला आणि थांबला. ती बाहेर बसलेली होती. तिला शिवलं की अंघोळ आली, कपडे भिजवणं आलं, आणि घरभर बोंब आली. त्याने आईकडे पाहिलं. बेबाबाईनेही पाहिलं. पदर खांद्यावरून घसरला होता. तो तिने सावरला नाही.

"तुमचीच रीत हाये," ती म्हणाली. "मी नाई काढली."

पंपाच्या नळीतून एक थेंब पितांबरच्या पायावर पडला. वच्छलाबाई आत वळली. पितांबर कुरकुरत पंप घेऊन परत गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे डांगराची दोन फुलं उमलली; एकाच्या मागे इवलंसं डांगर होतं. बेबाबाई गोणपाटावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आधी कुंभ्यावर काहीतरी हाललं. मग तरवडावरून एक काळा भुंगा घुमत गेला. आणि मग एक लहानशी माशी, कुंभ्यावरून निघाली ती थेट पहिल्या पिवळ्या फुलात शिरली. बाहेर आली तेव्हा पाठीला हळद लागलेली. नवरीसारखी. तशीच ती इवल्या डांगराच्या फुलात गेली. बेबाबाई श्वास रोखून बसली.

ते डांगर यंदा गळलं नाही, वाढत गेलं. पंधरवडा आला. सासऱ्यांच्या तिथीला पित्तर म्हणून जेवायला भाईदास आबा बसले, मोतीलालांचे थोरले चुलतभाऊ. ते पाटावर आहेत तोवर ते भाईदास नव्हेत. जे गेले तेच जेवायला आलेत. त्यांनी अर्ध्यात ताट सोडलं, तर गेलेला माणूस उपाशी गेला.

पानावर खीर, पोळी, गिलक्याची भजी, आणि डांगराची भाजी.

"भलतं गोड शे," आबा बोटं चाटत म्हणाले. "बजारनं शे का घरनं?"

"घरनं," वच्छलाबाई म्हणाली. "त्यासनाच वेलनं."

"वा! दृष्ट उतरनी म्हना."

बेबाबाई दाराआड उभी होती. पदर डोक्यावर नीट घेऊन ती पुढे आली.

"दृष्ट नव्हती, आबा. मी बाहेर बसली, तव्हा याच वेलापाशी बसेल होती. माही सावली पडेल हाये याच्यावर."

आबांचा घास हातातच राहिला. पितांबरची मान खाली गेली. चुलीत एक लाकूड तडकलं. आबांनी हातातला घास पाहिला, मग पानाकडे, मग हात हळूहळू पानाच्या कडेला टेकवला.

वच्छलाबाई उठली. तिने पातेलं उचललं, आबांच्या पानावर डांगराची भाजी पुन्हा वाढली, चांगली डावभर.

"खा," ती म्हणाली. "त्यासले भलती आवडे."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही. त्यांनी घास तोंडात घातला.

दुपारी भांडी घासून बेबाबाई परसात आली, तेव्हा वेलावर यंदाही टांगलेली ती चप्पल दिसली नाही. डांगराच्या बिया धरायच्या म्हणजे ओल्या शेणाच्या थापीत दाबून ती भिंतीला लावायची. आजवर ती स्वयंपाकघराच्या भिंतीला लागत आली होती. वच्छलाबाई शेणाचा गोळा घेऊन गोठ्यामागे गेलेली होती. कुडावर थापी मारून, एकेक बी अंगठ्याने आत दाबत होती.

मग वच्छलाबाईने हात धुतले. पाठ दुखत असावी. तरवडाच्या सावलीत पडलेल्या त्या गोणपाटावर ती टेकली, आणि शेजारची जागा हाताने झाडली.