बिनतारी कृपा

दादाच्या घरी मागच्या खोलीत त्या दुपारी इतकी माणसं कोंबली होती की पंख्याचा वारा कोणापर्यंतच पोचत नव्हता. जिन्यात चपलांचा ढीग, दारात शेजारच्या काकू आणि मधोमध टेबलावर दादाचा जुना डेस्कटॉप. त्याच्याभोवती डोळे मिटून लहरमहाराज फिरत होते. अंगात पांढरा झगा, गळ्यात तांब्याच्या तारेची वेटोळी.

"तारेत अडकतं ते मन," महाराज म्हणाले. "तारेवाचून येते ती लहर."

गळ्यातल्या तारेबद्दल कोणी विचारलं नाही.

मग त्यांनी संगणकाच्या कॅबिनेटला मिठी मारली. हात कॅबिनेटच्या मागे, अंग थरथरतंय. डोक्यावरून उपरणं ओढून 'घराचा बीजमंत्र' टाइप केला. बीजमंत्र म्हणजे वायफायचा पासवर्ड. तो दादानेच त्यांच्या कानात सांगितला होता. स्क्रीनवर हवामानाचा अंदाज उघडला आणि खोली गहिवरली. उद्या आकाश निरभ्र राहील हे वाचून एका काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

यात गहिवरण्यासारखं काय, तेही सांगतो. राउटर पुढच्या खोलीत आणि संगणक मागच्या. मधली भिंत फोडून वायर न्यायला घरमालक तयार नाही. संगणकावर दादाने विंडोज काढून लिनक्स घातलेलं. वायफाय पकडणारा यूएसबीचा अ‍ॅडॉप्टर त्याने आणून पाहिला, तो चालला नाही. दुकानदार म्हणाला, "लिनक्स ना? मग विसरा." दादा इंजिनियर आहे, पण दुकानदार ठामपणे बोलला. तेव्हापासून लिनक्सला वायफाय नसतं, हा आमच्या घरात निसर्गनियम झाला. नियम मोडणारा भेटल्यावर त्याच्या पाया पडण्यावाचून दादाला गत्यंतर नव्हतं.

अडचण एकच. महाराज निघाले की लहरही निघे. जाताना ते कॅबिनेटला पुन्हा मिठी मारत. मायेपोटी, असं आम्ही समजत होतो. लहर कायमची राहायला हवी तर त्या खोलीत महाराजांची गादी घालायला हवी, असं ठरलं. खोली पुतणीची होती, आणि तिची नोकरीची मुलाखत त्याच संगणकावर व्हायची होती.

"तू स्वयंपाकघरात बसत जा," वहिनी तिला म्हणाली. "तुझ्याच भल्यासाठी चाललंय."

"आई, संगणक या खोलीत, खोलीत महाराज, मी स्वयंपाकघरात. मुलाखत काय महाराज देणार?"

"प्रत्येक गोष्टीला फाटे फोडू नकोस."

आमची आत्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेली. तिने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मिठी मारताना याचा हात मागे काय करतो रे?"

गादी घालण्याच्या दिवशी महाराज आले, तर कॅबिनेटची पाठ माणसांकडे आणि तोंड भिंतीकडे.

"धूळ पुसली," आत्या म्हणाली. "तोंडाकडची यूएसबीची भोकं कधीच मोडलीत. ते भिंतीकडे गेलं तरी काही अडत नाही."

"तोंड भक्तांकडे हवं," महाराज म्हणाले.

"लहरीला पाठ-पोट असतं होय?"

महाराज फिरले, पुन्हा फिरले. मिठीसाठी पुढे झाले, पण आता सगळी खोली त्यांच्या हाताकडेच बघत होती. हात मूठ मिटून परत आला.

"आज लहर रुसलीय. या घरात संशय आहे."

"आहे ना," आत्या म्हणाली. "मूठ उघड बघू."

हा आवाज वर्गात पुष्कळ मुठी उघडून आलेला होता. महाराजांची मूठ आपोआप उघडली. आत नखाएवढा अ‍ॅडॉप्टर. आत्याने तो उचलून सगळ्यांदेखत कॅबिनेटमागे खोचला. थोड्या वेळात इंटरनेट आलं, कोणीही न फिरता.

"पण मी आणलेला का नाही चालला?" दादा म्हणाला.

"त्यातली चिप वेगळी असणार. चिप चालवायला ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम लागतो. काहींचे लिनक्समध्ये आधीपासून असतात, खोचलं की चालू. तुझ्या चिपचा नसेल. घेण्याआधी चिपचं नाव शोधून बघायचं होतंस."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग ते थरथरणं?" वहिनीने अगदी हळू विचारलं.

"न बघता यूएसबी खोचत होता गं. उलटीच जात असेल. माझंही होतं तसं."

महाराजांच्या बाजूने एक सांगायला हवं. चिप त्यांनी नीट पारखून घेतली होती. आमच्या दुकानदाराला तेवढंही जमलं नव्हतं. पण हे कौतुक ऐकायला महाराज थांबले नाहीत.

मुलाखतीच्या दिवशी पुतणीने आतून कडी लावली. वहिनी दाराला कान लावून उभी.

"काय विचारतायत?"

"कळत नाही," दादा म्हणाला. "पण ती बोलतेय, आणि मध्ये तुटत नाहीये."

वाचकहो, आपल्याला एखादी गोष्ट जमली नाही म्हणून ती अशक्य होत नाही, आणि दुसऱ्याला जमली म्हणून तो देव होत नाही. त्याला विचारा, कसं केलंत? सरळ माणूस सांगायला बसतो. लिनक्सवाला असेल तर उठतच नाही. जो प्रश्नावर रुसतो, त्याला घरातली खोली देऊ नका.