कपाटातली कंबर

मी एक कंबर आहे. पूर्ण बाई नव्हे, कंबर तेवढीच! दोन्हीकडची रुंद हाडं, मागे माकडहाड, मधे मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय. आणि या सगळ्यांना खालून झोळीसारखे तोलून धरणारे लाल रबरी स्नायू. परिचारिका विद्यालयाच्या कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात, मी कोंडलेली आहे.

माझा जन्म साच्यातला. कारखान्यात मला रंग देणारी बाई शेजारणीला म्हणाली होती, "तीन लेकरं झाली, पण आतून आपण अशा असतो हे आज कळलं बघ!"

सुरुवातीची वर्षं सोन्याची गेली. शिकवणाऱ्या मोठ्या बाई मला टेबलावर मांडायच्या. बाहुलीचं डोकं माझ्यातून हळूच खाली आणत म्हणायच्या, "घाई कराल तर इथे फाटेल. पुढच्या आणि मागच्या वाटेत एवढीशीच जागा असते, पोरींनो. जिवापाड जपा." मुली आधी फिदीफिदी हसायच्या, मग पुढे सरकून निरखायच्या.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या. नव्या मुख्याध्यापिकेने मला पाहून नाक मुरडलं. "पाहुणे येतात-जातात. हे असलं उघड्यावर कशाला?"

झालं! अंगावर चादर पडली, कपाटाला कुलूप लागलं. अंधारात माझं रबर चिरत गेलं. बाहेर मुली माझ्याच अवयवांची नावं घोकायच्या. हाक मारणार कशी? मला तोंडच नाही.

एका दुपारी अचानक उजेड आला. इथल्याच शिक्षिका, धाकट्या बाई, आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन आल्या होत्या. बाळंतपणापासून ताईला शौच रोखता येत नव्हतं. तिने घराबाहेर पडणंच सोडलं होतं. या धाकट्या बहिणीच्या लग्नालाही डोकेदुखीचं निमित्त करून ती आली नव्हती. खरं कारण बहिणीला आता कुठे कळलं होतं.

"सासूबाई म्हणतात, बाईच्या जन्माला आलं की सोसायचं," ताई पुटपुटली.

"सोसायचं काय, ताई? इकडे बघ. मागच्या वाटेभोवती हे स्नायूचं कडं असतं. बाळ येताना तुझं तुटलं असणार. ते शिवता येतं."

"इतक्या वर्षांनी?"

"डॉक्टरीणबाई तपासून सांगतील. पण येतं."

ताईने भीत भीत माझ्या कड्यावर बोट ठेवलं. "एवढंसं आहे गं हे! आणि मला वाटायचं, मीच घाणेरडी." मग ती हुंदके देऊन रडली.

शस्त्रक्रिया झाली. सगळंच पूर्ववत झालं नाही. पण ताई आता लेकीला शाळेत सोडायला चालत जाते. धाकट्या बाईंनी कपाट उघडून हे मुख्याध्यापिकेला माझ्यासमोरच सांगितलं आणि विचारलं, "हिला वर्गात ठेवू या ना?"

"बरं झालं हो तुमच्या ताईचं," मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि त्यांनी किल्ली फिरवली.

मी अजून आतच आहे. बायांनो, तुमचंच रूप आहे मी. लाज वाटली तर खोलीचं दार लावून घ्या. पण हे कपाट तेवढं उघडा.