बटन बंद, वीज चालू

मी टेस्टर. वीतभर उंचीचा, पिवळ्या मुठीचा, पोटात गव्हाच्या दाण्याएवढा दिवा असलेला. तारेत वीज असली की तो लागतो, पण माझ्या डोक्यावर कुणीतरी बोट टेकवायला हवं. माणसाचा हात नसेल तर मी नुसता खिळा.

एका वायरमनने मला त्याच्या मुलीच्या हाती दिलं. "बटन बंद आहे असं कुणीही सांगो, टेस्टर लावल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही," हे त्याने तिच्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं. आठ वर्षं तिने घरोघरी वायरिंग केलं. मग लग्न झालं, नवऱ्यामागे ती परक्या देशात आली, आणि बॅगेत कपड्यांखाली दडून मीही.

काम मिळवून देणाऱ्या कचेरीत बाईंनी विचारलं, "तुम्हाला काय येतं?" ही तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "घरकाम."

बाहेर येऊन ती म्हणाली, "अहो, वायरिंग का नाही सांगितलंत?"

"अगं, बाईमाणूस शिडीवर चढतं म्हटल्यावर हसतील लोक. आणि इथली भाषा तरी येते का तुला?"

कचेरीतल्या बाईंनीही पुढे काही विचारलं नव्हतं. बाहेरून आलेल्या बाईला झाडू द्यायचा, हे जणू ठरलेलंच.

ती एका मोठ्या लॉन्ड्रीत फरशी पुसू लागली. मी एप्रनच्या खिशात.

परवा सकाळी चादरी पिळायचं यंत्र अडलं. मुकादमाने बटन बंद केलं आणि मावशीला आत हात घालून चादर ओढायला सांगितलं. मावशी आमच्याच मुलखातली, यंत्रावर काम करणारी वयस्क बाई. आतल्या एका तारेचं वेष्टण सोललं होतं, आणि ओली चादर त्या तारेला चिकटली होती.

हिने ते पाहिलं. बादली खाली ठेवली. "मावशी, थांबा."

"बंद केलंय त्याने. माझी नोकरी घालवतेस का गं?"

मुकादम खेकसला. मावशी हळूच म्हणाली, "म्हणतोय, फरशी सोडून कशाला हात लावलास तर उद्यापासून येऊ नकोस."

ही पुढे झाली. माझ्या डोक्यावर तिचा अंगठा टेकला. माझं टोक त्या सोललेल्या तारेकडे गेलं. मला एकच धास्ती. इतके महिने पडून पडून माझा दिवाच गेला असेल तर?

मी लागलो.

मावशीने हात छातीशी ओढून घेतला. मुकादमाने भिंतीवरचा मोठा खटका पाडला. हिने मला पुन्हा लावून पाहिलं, मी विझलेला, तेव्हाच ती म्हणाली, "आता काढा." कुणीतरी ते बटन वीज आणणाऱ्या तारेऐवजी परतीच्या तारेवर बसवलं होतं. यंत्र थांबायचं, वीज आत तशीच.

काल मुकादमाने वायरमनच्या परीक्षेचा फॉर्म आणून दिला. आज दुपारी नवरा तो भरायला बसलाय. वाऱ्याने उडू नये म्हणून मी कागदावर. 'व्यवसाय' या रकान्यापाशी पेन अडलंय. आजवर तिथे तो 'गृहिणी' लिहीत आला.

"नापास झालीस तर?"

"पुन्हा बसेन."

"लोक काय म्हणतील?"

"मावशींना विचारा."

मग त्याने पेन तिच्यापुढे सरकवलं. "तूच लिही."

इथली अक्षरं तिला वाकडी येतात. पण लिहितेय.

तुमच्याही आसपास अशी एखादी गप्प बाई असेल. तिला काही येत नाही, असं कुणी सांगेलही. तरी एकदा विचारा, "तुम्हाला काय येतं?" फक्त उत्तर तिला देऊ द्या.