चाकावरची चन्नव्वा

आमच्या अणदुरात तेव्हा चार गाणारी माणसं वस्तीला होती आणि चौघांपैकी एकालाही कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. ती हणमंतप्पांच्या कापडदुकानामागच्या खोलीत, कापूस भरलेल्या एका पेटीत राहायची. उन्हं कलली की हणमंतप्पा हातपाय धुवायचे, कपाळाला विभूती लावायचे, फोनो ओसरीवर आणून ठेवायचे आणि एकेकाला पेटीतून उठवायचे.

हा फोनो खरं तर निम्माच आमचा. निम्मा नळदुर्गच्या हिंमतरावांचा. दोघं दोस्त एकदा सोलापूरला गेले होते, एक कापड घ्यायला आणि दुसरा गूळ विकायला. तिथं एका दुकानापुढं गाणं ऐकत असे उभे राहिले, की दुकानदारानं त्यांच्या खांद्यांवर आपली धुतलेली धोतरं वाळत घातली. ती वाळली तरी हे हलेनात. शेवटी दोघांनी मिळून फोनो घेतला. परत येताना निजामाच्या नाक्यावर मुन्शीनं विचारलं, पेटीत काय आहे? हिंमतराव म्हणाले, माणसं. मुन्शीनं पेटी उघडायला लावली, एक तबकडी ऐकली, मग दुसरी, आणि दोघांना जेवू घालूनच पुढं सोडलं.

वस्तू एक आणि गावं दोन म्हटल्यावर भांडण ठरलेलं. पण आमच्याकडं त्यावर जुनी तोड आहे. आमचा खंडोबा वर्षातला बहुतेक काळ अणदुरात असतो, मार्गशीर्षात पालखीतून नळदुर्गाला जातो आणि तिथली पौषातली जत्रा आटोपून परत येतो. देव एकच, देवळं दोन. फोनोचंही तसंच ठरलं. देव जिकडं, गाणारे तिकडं. पालखी निघाली की मागच्या बैलगाडीत पेटी. वाटेतली माणसं पालखीला हात जोडायची आणि तेच हात न सोडता गाडीलाही दाखवायची.

आता ते चौघे सांगतो. मी बब्रुवान कुंभार. मडकं पेरानं वाजवून त्याची पारख करणारा माणूस, त्यामुळं गळ्यातलंही थोडं कळतं. हैदराबादचे शब्बन मियाँ कव्वाल म्हणजे भट्टीतून आत्ता काढलेला रांजण. त्यांच्या उर्दूतलं निम्मं कळायचं, पण त्यांनी टाळी दिली की माझ्या अंगणातली कच्ची मडकी आपसूक पक्की व्हायची. मिरजेकडचे नाटकातले धोंडूबुवा तान घ्यायचे, तेव्हा शेजारची दगडाबाई घागर घेऊन उठायची, बारवेवर पाणी भरायची, तिथं दोघींशी भांडायची आणि परत यायची, तरी बुवा तानेतच. तिसरी मद्रासकडची, वीणा वाजवत गाणारी. तबकडीवरची तिच्या नावाची अक्षरं गावात कुणाला लागेनात, म्हणून आम्हीच तिचं नाव महादेवी ठेवलं आणि बारशाच्या घुगऱ्या वाटल्या. ती वाजवू लागली की संध्याकाळ लांबायची. गुरं वाटेतच उभी राहायची आणि त्यांनी उडवलेली धूळ खाली बसायची विसरायची.

आणि चौथी बदामीची चन्नव्वा, कानडी गाणारी. ओल्या मातीला नुसतं बोट लावलं की ती जशी आपणहून वर चढते, तसा तिचा आवाज चढायचा. हणमंतप्पा लिंगायत, घरात कानडी. त्यांना तिचा शब्दन्‌शब्द समजायचा. आम्हाला समजायचा नाही आणि तरी आमचेच डोळे आधी भरायचे. गाणं साधं होतं. नदीवर खेळत बसलेल्या लेकीला आई अंधार पडायच्या आत घरी बोलावते आहे, एवढंच. हणमंतप्पांनी तिची तबकडी चोळीच्या खणात गुंडाळून ठेवली होती. तिच्यावर दुसऱ्या कुणाचं बोट पडलं तर ते दोन दिवस त्या माणसाशी बोलत नसत.

मोठी लढाई सुरू झाली, फोनोच्या लोखंडी सुया मिळेनाशा झाल्या, तेव्हा हणमंतप्पा बाभळीचे काटे लावू लागले. काट्यावर आवाज बारीक यायचा, लांबच्या शेतातून वाऱ्यावर आल्यासारखा. सगळी गल्ली श्वास धरून बसायची. दाराआड हणमंतप्पांची बायको इरम्मा बसायची. ती विजापूरकडची, परकर नेसायच्या वयात अणदुराला आलेली. त्या वर्षी दिवाळीच्या आधी माहेराहून सांगावा आला की तिची आई गेली. तो पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. त्यानंतर ती दाराच्या अलीकडं येऊन बसू लागली, फोनोच्या अगदी जवळ, आणि तेही फक्त चन्नव्वाच्या वेळेला.

मार्गशीर्ष लागला. पालखीच्या आदल्या दिवशी हणमंतप्पांनी पेटी बांधली. पण त्याआधी इरम्मानं खण सोडून चन्नव्वा काढून घेतली होती आणि तिच्या जागी कडक भाकरी गुंडाळून ठेवली होती. लिंगायत बायकांच्या हातची कडक भाकरी तुम्ही पाहिली असेल. पापडासारखी पातळ, चंद्रासारखी गोल, महिना महिना टिकणारी. खणात गुंडाळली तर चन्नव्वाच. पालखीमागं गाडी गेली, गाडीत पेटी गेली, पेटीत भाकरी गेली.

दोन-चार दिवसांनी इरम्मा संक्रांतीची सुगडं सांगायला माझ्याकडं आली. थंडीची दुपार होती. अंगणात पिवळं ऊन पडलं होतं आणि चाक माझं आपल्या तंद्रीत फिरत होतं. आमचं चाक जड. दांड्यानं चार हिसके दिले की बराच वेळ गरगरतं, मग हळूहळू झोपेला येतं. इरम्मा सुगडांचं विसरून चाकाकडं बघत राहिली. मग तिनं पदराखालून तबकडी काढली.

“बब्रुवानअण्णा, हिला ह्याच्यावर बसवता का?”

मी कानांवर हात ठेवले. म्हटलं, अक्का, हा अप्पांचा देव आहे, आणि हा देव आत्ता नळदुर्गात असायला पायजे. ती तिथंच, मातीच्या गोळ्यांशेजारी खाली बसली.

“अव्वाचं तोंड डोळ्यांपुढं येतंय, अण्णा. आवाज येत न्हाई. इसरले मी. चन्नव्वाचा तिच्या जवळचा हाय, अगदी तिचा न्हाई, पर जवळचा. तेवढा धरून बसले होते. आता तीबी दोन महिने गेली तर मला कायच उरत न्हाई.”

मी चाकाच्या मध्यावर ओल्या मातीची वळी केली, तबकडी बसवली. पळसाच्या वाळक्या पानांचा शंकूसारखा द्रोण केला आणि त्याच्या टोकात बाभळीचा काटा खोचला. चाकाला हिसके दिले, द्रोण हलक्या हातानं धरला आणि काटा टेकवला. द्रोणात माशी अडकल्यासारखं काहीतरी गुणगुणलं. कान लावला तर गाणं.

पण कसलं गाणं. चाक भरात होतं, त्यामुळं चन्नव्वा सहा-सात वर्षांची पोर होऊन गात होती. चाक जरा मंदावलं, ती वयात आली. आणखी मंदावलं, तिचं लग्न झालं, लेकरं झाली, गळा भरला. मग केस पिकले, आवाज थकला, आणि गाणं संपता संपता तर कुणी दाढीवाला बाबा आपल्या लेकीला नदीवरून हाका मारत होता. एका गाण्यात मी बाईचा सगळा जन्म ऐकला. हसू आवरेना म्हणून मी इरम्माकडं पाहिलं, तर तिनं तोंडावर हात दाबून धरला होता. मधेच कुठंतरी, दोन ओळींपुरती, तिची आई येऊन गेली होती.

मग ती रोज दुपारी येऊ लागली. त्या संक्रांतीला अणदुरातल्या निम्म्या बायकांची सुगडं वाकडी निघाली, कारण हात मातीत असला तरी माझा कान द्रोणात असायचा.

इकडं नळदुर्गात जत्रा भरली. हणमंतप्पा दर्शनाला गेले होते. हिंमतरावांनी चन्नव्वा ऐकायला चांगली पाच-पन्नास माणसं बोलावली होती. अंधूक उजेडात त्यांनी खण सोडला, आतली ठेवली फोनोवर, काटा लावला. भाकरी थोडी गायली आणि मग तिचा चुरा झाला, असं हिंमतराव पुढं मरेपर्यंत शपथेवर सांगत. त्या वेळी मात्र ते हसले नाहीत. हणमंतप्पा पुढंच बसलेले, त्यांचं तोंड भाकरीसारखं पांढरं पडलेलं. हिंमतराव एवढंच म्हणाले की देवाच्या वाटणीत दोन गावांनी आजवर लबाडी केली नव्हती. उद्या दिवेलागणीपर्यंत चन्नव्वा इथं आली नाही, तर शब्बन मियाँ कायमचे नळदुर्गाचे.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना माझ्या अंगणापुढं गाडी थांबली. हणमंतप्पा घरी जाऊन, विचारून, सगळं समजून घेऊन आले होते. चाक फिरत होतं, इरम्माचा कान द्रोणाला होता. हणमंतप्पा दोन पावलं आत आले आणि त्यांनी ते ऐकलं. ज्या गळ्यासाठी ते अंघोळ केल्याशिवाय पेटीला शिवत नसत, तो गळा घसरत, थकत, म्हातारा होत चालला होता.

“थांबव,” ते मला म्हणाले. “ही चन्नव्वा न्हाय.”

इरम्मा उठली नाही. चारचौघांत नवऱ्याला उत्तर द्यायची तिची ती पहिलीच वेळ असावी.

“न्हायच ही. माझी अव्वा हाय.”

चाक आपोआप थांबलं. हणमंतप्पा उकिडवे बसले, तबकडीवरून बोट फिरवलं. बोटाला बारीक करडी भुकटी लागली. माझ्या मातीची कच आणि काटा मिळून चन्नव्वाला खात होते. त्यांनी बोट उन्हात धरून कितीतरी वेळ पाहिलं.

“रोज वाजवली तर होळीपतूर पुरायची न्हाय.”

“ठाऊक हाय,” इरम्मा म्हणाली.

“कुठं येते अव्वा?”

मधे येते, ती म्हणाली, दोन ओळी थांबते आणि निघून जाते. तिला धरून ठेवता येत नाही.

बाहेर बैल माना हलवत होते. आत्ता निघालं तरच दिवेलागणीला नळदुर्ग गाठता येणार होतं. हणमंतप्पांनी गाडीकडं पाहिलं, इरम्माकडं पाहिलं. मग गाडीवानाला हाक मारून बैल सोडायला सांगितलं. त्याला म्हणाले, चालत नळदुर्गाला जा, हिंमतरावांना माझा नमस्कार सांग.

“आन्‌ म्हणावं, शब्बन मियाँला ओलीत ठेवू नका. त्यांचा गळा बसतो.”

मग त्यांनी अंगरख्याची बाही वर केली आणि चाकाशी बसले. मला म्हणाले, तू दांड्यानं बारीक बारीक रेटत राहा, थांबू देऊ नको. स्वतः चाकाच्या कडेला तळहात टेकवला. काटा अजून वर होता. मी रेटायचो, ते दाबायचे. मग मधूनच काटा टेकवून एक शब्द ऐकायचे, उचलायचे आणि तळहात केसभर हलका करायचे. पोर गेली, नवरी गेली. ओला चिखल त्यांच्या कोपरापर्यंत चढला. आणि एकदा शब्द आला तशी इरम्मानं बोट वर केलं.

हणमंतप्पांनी तो तळहात तिथंच ठेवला. चाक ना वाढलं, ना मंदावलं. त्यांनी दुसऱ्या हातानं द्रोण घेतला, काटा पहिल्या ओळीवर नेऊन ठेवला आणि द्रोण इरम्माच्या कानाशी केला. आता गाणं पहिल्यापासून त्याच वयाच्या बाईचं होतं, भरल्या घरातून, हात पुसत पुसत बाहेर आलेल्या. गल्लीतल्या चुली पेटल्या होत्या, धूर खाली उतरत होता आणि त्या धुरात ती हाका मारत होती, नदी सोड, घरी ये, अंधार पडतोय. माझा हात भरून आला तरी मी रेटत राहिलो. हणमंतप्पांचे डोळे मिटलेले आणि तळव्याखालून चिखल ओघळत असलेला.

इरम्मानं गुडघे पोटाशी ओढून घेतले होते. तिनं डोळे न उघडताच, द्रोणाकडं तोंड करून, बारीक आवाजात सांगितलं:

“बंदे, अव्वा.”

आले गं, आई.