फळ्यावर राहिलेलं काम

मित्रांनो, गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, पुढून पार चेपलेली जी लाल गाडी उभी आहे ना, ती मी. एके काळी माझी बसकी ठेवण आणि इंजिनाचा आवाज यांवर माणसं जीव टाकायची. आता माझ्या सीटवर उंदरांचा संसार आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं दुःख वेगळंच आहे. जन्मभर मला पळण्याची हौस होती, आणि ज्या दिवशी थांबायला हवं होतं, त्या दिवशी मला थांबता आलं नाही.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर. ते मला फक्त रविवारी बाहेर काढत आणि इतक्या हळू चालवत, की सायकलवाले मागून घंटी वाजवत. मला मेल्याहून मेल्यासारखं होई. पुढे डॉक्टरांची नजर अधू झाली आणि त्यांनी मला या गॅरेजात आणून सोडलं.

गॅरेज दोन भावंडांचं होतं. थोरल्या बहिणीला सगळे ताईच म्हणत. धाकटा भाऊ पाच मिनिटं एका जागी बसत नसे, म्हणून ताईने त्याचं नाव भिंगरी ठेवलं होतं. त्याचा हात इंजिनावर, तर तिचा चाकांवर, स्प्रिंगांवर आणि ब्रेकवर. घाटातल्या शर्यतीत मला उतरवायचं, हे भिंगरीने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

"ही पळेल बघ, ताई."

"पळेल रे. थांबेल का, ते आधी बघू."

ताईचं खरं होतं. वळणावर माझं मागचं अंग बाहेर फेकलं जाई, आणि ब्रेक दाबला की नाक डावीकडे ओढलं जाई. दोन महिने ताई माझ्याखाली पाठीवर पडून राबली. नव्या स्प्रिंगा आल्या, रुंद टायर आले, जाड डिस्क आणि नवे ब्रेक पॅड आले. माझं इतकं कौतुक त्याआधी कोणी केलं नव्हतं.

एकच काम राहिलं होतं, ब्रेक ऑइल बदलण्याचं. माझ्या नळ्यांमध्ये अजून डॉक्टरांच्या काळातलं ऑइल होतं. ते हवेतला ओलावा शोषून शोषून चहासारखं काळपट झालं होतं. नव्या ऑइलचा डबा फळीवर येऊन बसला होता. पण या गॅरेजात ते काम दोघांनीच करायचं, अशी रीत होती. भिंगरी सीटवर बसे, ताई चाकाजवळ आडवी होई. ती म्हणे "दाब", की तो पेडल दाबी. ती म्हणे "धर", की तो तसंच धरून ठेवी आणि ती छोटा स्क्रू सैल करून जुनं ऑइल बाहेर काढी. स्क्रू पुन्हा घट्ट झाला की "सोड". दुसऱ्यांच्या गाड्यांवर चाललेलं ते दाब, धर, सोड मी रोज ऐकायची आणि माझी पाळी कधी येते याची वाट पाहायची.

ती पाळी आलीच नाही. एका दुपारी ताईने सवयीने टेप लावून मडगार्डची जमिनीपासूनची उंची मोजली. ती बोटभर कमी भरली. मी आणखी बसकी दिसावी म्हणून भिंगरीने तिला न विचारता स्प्रिंगांचा एकेक वेढा कापला होता. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याला बरंच सुनावलं. तोही काही कमी नव्हता.

"गाडी मी चालवणार आहे, तू नाही," तो म्हणाला.

ताईने टेप खिशात टाकली. त्या दिवसापासून दोघांनी अबोला धरला. काही सांगायचं असलं की भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहीत. जेवण झाकून ठेवलं आहे. मागचं चाक झालं. आणि मग एके सकाळी ताईने लिहिलं: ब्रेक ऑइल बाकी.

हे वाचून तो आपणहून सीटवर येऊन बसेल, असं तिला वाटलं. त्याला वाटलं, ताई हाक मारेल. चार दिवस दोघंही फळ्यासमोरून ये-जा करत राहिले. मी मात्र मूग गिळून उभी. मला सगळं ठाऊक होतं, पण सांगणार कशी?

शर्यतीच्या दोन दिवस आधी घाटात चाचणी होती. भिंगरीने सीटवर बसून पेडल दाबून पाहिलं. ऑइल थंड होतं, त्यामुळे पेडल चांगलं कडक लागलं. त्याचं समाधान झालं. मग तो उतरला आणि ताईच्या ओळीखाली त्याने लिहिलं: आल्यावर दोघं करू. ताई दारात नटबोल्टचे पाने पुसत होती. आम्ही शेजारून निघालो तेव्हा तिने मान वर केली, काही बोलणार होती, आणि पुन्हा पाने पुसू लागली.

घाट मी झोकात चढले. खोटं कशाला बोलू, मला गर्व झाला होता. एकेक वळण मी असं काही घेत होते, की भिंगरी हसत सुटला. मी इतकी छान वळते म्हणूनच उतरताना त्याने मला नेहमीपेक्षा जोरात सोडलं. प्रत्येक वळणावर ब्रेक, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. डिस्क तापल्या, ती धग जुन्या ऑइलपर्यंत पोचली आणि त्यातल्या ओलाव्याची वाफ झाली. नवव्या वळणाच्या तोंडाशी त्याने पेडल दाबलं, तर ते थेट तळाला जाऊन टेकलं. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, हातब्रेक ओढला. मग तो "ताई" म्हणाला. शेजारच्या खोलीत असलेल्या माणसाला हाक मारावी, तसं. पुढे दगडी कठडा होता.

मी उरले. तो गेला.

बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी, ताईने माझ्यावरची ताडपत्री काढली. फळीवरचा डबा उतरवला. माझं इंजिन कधीच संपलं होतं, तरी तिने माझं मागचं चाक जॅकवर उचललं, स्क्रूला नळी लावली, खाली बाटली ठेवली आणि आडवी झाली.

"दाब," ती म्हणाली.

थोडा वेळ गेला.

"दाब रे."

मित्रांनो, पेडल माझंच आहे, पण ते मला दाबता येत नाही. दारातलं ऊन सरकून गेलं तरी ती तशीच पडून होती. शेवटी तिने नळी काढली, चाक खाली घेतलं आणि मला झाकलं. फळ्यावरच्या त्या दोन ओळी अजून तशाच आहेत. ती त्या पुसत नाही, आणि दुसऱ्या कोणाला पुसू देत नाही.

गाडीचं ब्रेक ऑइल वेळच्या वेळी बदला, हे तर मी सांगेनच. पण घरात कोणाशी अबोला असेल, तर नुसतं फळ्यावर लिहून मोकळे होऊ नका. माणूस पाच पावलांवर आहे, तोवर त्याला हाक मारा.