टाकीच्या झाकणातलं पिवळं सूत

मी एक जुनी फटफटी आहे. मित्रांनो, पुढचं सांगण्याआधी एक विनंती करते. माझ्या हँडलला लोंबकळू नका आणि हॉर्नचा रबरी फुगा दाबून पाहू नका, तो कधीच फाटला आहे. मी आता दमले आहे. एका जागी उभं राहून जुन्या गोष्टी सांगायच्या, एवढंच माझ्यानं होतं.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. लढाईचे दिवस होते. मला हिरवट रंग फासला, बोटीत चढवलं आणि तिथून मी आले ती थेट कामठीच्या छावणीत. शिपाई माझ्यावर बसून निरोप पोचवत, रोज मला पुसत आणि तेलपाणी करत. पुढं लढाई संपली, गोरे गेले, आणि आम्ही पन्नासेक गाड्या मैदानात उन्हात रांगेनं उभ्या राहिलो. तिथल्या लिलावात मला ताराचंदनं घेतलं.

ताराचंद हाडाचा विणकर. नागपुरात गोळीबार चौकाजवळच्या त्याच्या घरात बापाचा हातमाग होता, पण त्यानं माग सोडून विणकरांच्या सोसायटीत नोकरी धरली होती. पार उमरेडपर्यंत गावोगाव सूत पोचवायचं आणि विणलेली लुगडी गोळा करून आणायची, हे त्याचं काम. सुताचे गठ्ठे बांधून मी खड्ड्याखुड्ड्यांतून धावले, कधी कुरकुरले नाही. गल्लीतली पोरं माझ्या मागं पळत आणि ताराचंद मान ताठ करून बसे. ते माझे बरे दिवस.

त्याचा एकच दोष मला छळत असे. सदर भागात ईश्वरदास मिस्त्रीचं दुकान होतं, साऱ्या शहराच्या गाड्या तिथं जात. पण ताराचंद त्याची पायरी चढायला तयार नव्हता. "चार हजार धागे सांभाळले म्या," तो म्हणायचा, "हे चार नट-बोल्ट मले काय शिकवून राहिले?"

चार नट-बोल्टांनी त्याला खूप शिकवलं. पहिल्या रविवारी त्यानं मला अंगणात उघडलं आणि संध्याकाळी परत जोडलं, तेव्हा तीन नट उरले. ते त्यानं गुपचूप धोतराच्या सोग्यात बांधले. एकदा तासभर किक मारून त्याचा दम निघाला, अर्धी गल्ली बघायला गोळा झाली. त्याची बायको रुखमाबाई दारातून म्हणाली, "अवो, हा खालचा नळ बंद तं नाही?"

"तुले काय समजते वं त्यातलं!" तो खेकसला. ती आत वळली तसा त्यानं पेट्रोलचा नळ हळूच फिरवला, आणि मी पहिल्याच किकला चालू झाले.

ब्रेकची गोष्ट तर सांगायलाही लाज वाटते. माग कुरकुरला की त्याला तेल द्यायचं, हे ताराचंदला पाळण्यापासून ठाऊक. माझा ब्रेक कुरकुरायला लागला. त्यानं चाक काढलं आणि ब्रेकच्या पट्ट्यांना पोटभर तेल पाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वच्छलाबाईंनी गल्लीभर सूत ताणून खळ लावायला घेतलं होतं. ताराचंद ब्रेक दाबतो आहे, दाबतो आहे, आणि मी थांबायचं नाव घेत नाही! आम्ही दोघं त्या ओल्या सुतात असे गुरफटलो की सोडवायला सहा बायका लागल्या. "विणकराच्या पोटी जन्मला अन् सुतावर गाडी घातली!" वच्छलाबाई आठवडाभर ओरडत होत्या. ताराचंद सगळ्यांना एकच सांगत होता, "फटफटीचा ब्रेक खराब आहे." मी ऐकून घेतलं. आम्हा यंत्रांना तोंड नसतं, म्हणून आमच्यावर कुणीही काहीही ढकलतं.

ताराचंदच्या बहिणीचं सासर पारशिवनीचं. तिची मुलगी पुष्पलता. ताराचंदला मूलबाळ नव्हतं, त्यामुळं ही भाची म्हणजे त्याचा जीव. सुटीत ती नागपूरला आली की तो तिला माझ्यावर बसवून अंबाझरीच्या तलावापर्यंत नेई. वाऱ्यानं तिच्या वेण्या उडत आणि ती ओरडे, "अजून जोरात, मामा!" तेव्हा मलाही दम लागत नसे.

त्रेपन्न साली तिचं लग्न ठरलं. मुलगा कांद्रीच्या मँगनीजच्या खाणीत नोकरीला होता. ताराचंदला ते रुचलं नाही. "माग सोडून दगड फोडणाऱ्याच्या घरी पोरगी देऊन राहिले तुम्ही," असं तो बहिणीच्या तोंडावर बोलला. स्वतः माग सोडून माझ्यावर फिरणारा माणूस हे बोलला! पुष्पलता दाराआड उभी होती. तिनं ते ऐकलं.

घरी आल्यावर त्याला चैन पडेना. तोंडानं माफी मागायची त्याला सवयच नव्हती. त्यानं बापाच्या मागावरची धूळ झटकली आणि महिनाभर स्वतःच्या हातानं भाचीसाठी पिवळं लुगडं विणलं. लग्नात नवरीनं मामाकडचं पिवळं लुगडं नेसायचं, मामानं तिला मांडवात आणायचं आणि अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी उभं राहायचं, अशी त्यांच्यात रीत. ती जागा दुसऱ्या कुणाची नसते. ताराचंद जे तोंडानं बोलू शकत नव्हता, ते तिथं उभं राहून सांगणार होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं माझी टाकी काठोकाठ भरली. लुगड्याचं गाठोडं टाकीवर, आपल्या पुढ्यात बांधायचं त्यानं ठरवलं होतं. मग त्याला दिसलं, की मी जरा हलले की टाकीच्या झाकणातून पेट्रोलचे दोन थेंब बाहेर येतात. झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. आता विणकराला भोक दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. कापडातलं भोक म्हणजे खोट, ती भरायचीच. त्यानं उरलेल्या पिवळ्या सुताची चिमूट घेतली, घट्ट खळीत बुडवली आणि ते भोक असं सफाईनं बुजवलं की शोधून सापडू नये. रुखमाबाई तांदूळ निवडत बघत होती.

मित्रांनो, ते भोक माझं नाक होतं. पेट्रोल खाली जातं तेव्हा टाकीत तेवढी हवा यावी लागते. हवा आली नाही तर पेट्रोल अडतं आणि मी गुदमरते. पण सांगणार कोण?

सकाळी सहाला रुखमाबाईला मागं बसवून आम्ही पारशिवनीला निघालो. मुहूर्त साडेअकराचा, पल्ला तीस मैलांच्या आतबाहेर, म्हणजे वेळच वेळ. कामठी ओलांडली आणि मी गचके खात बंद पडले. ताराचंदनं पेट्रोल आहे का ते बघायला झाकण उघडलं. हुश्श करून मी श्वास घेतला. टाकी भरलेली दिसली म्हणून त्यानं झाकण पुन्हा घट्ट लावलं, प्लग काढला, धोतरानं पुसला, बसवला. मी चालू झाले. "प्लगमधी कचरा होता," तो खूश होऊन म्हणाला.

कन्हानचा पूल ओलांडून थोडं पुढं गेलो आणि मी पुन्हा बंद पडले. पुन्हा त्यानं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. या वेळी त्यानं रस्त्याच्या कडेला माझा कार्बोरेटर खोलला. एक बारीक स्क्रू धुळीत पडला, तो दोघं नवराबायको ओणवे होऊन तीन तास शोधत होते. वैशाखाचं ऊन. रुखमाबाईच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं.

ती हळूच म्हणाली, "अवो, तेलाच्या पिप्याले एकच भोक पाडलं तं तेल येते काय? हवेसाठी दुसरं पाडा लागते. तुम्ही काल हिचं भोक बुजवलं ना?"

"हे काय तेलाचं पिपं होय?" ताराचंद ओरडला. "गप बस वं!"

ती पुन्हा स्क्रू शोधायला वाकली.

आमडी फाट्याशी मी तिसऱ्यांदा थांबले. त्यानं झाकण उघडलं, हुश्श झालं, आणि या वेळी त्याचा हात तिथंच राहिला. त्यानं झाकण लावलं, क्षणभर थांबून पुन्हा उघडलं. मग त्या पिवळ्या ठिपक्यावर त्यानं बोट ठेवलं. त्याला कळलं. मी सांगते ना, त्याला त्या क्षणी सगळं कळलं! नखानं सूत उकरायचा अवकाश होता. पण रुखमाबाई समोर उभी होती, आणि ते सूत उकरायचं म्हणजे तिच्यापुढं चूक कबूल करायची. त्यानं सूत तसंच ठेवलं, झाकण नुसतं सैल लावलं आणि गाडी हाणली. वाटभर पेट्रोल सांडत होतं. रुखमाबाईनं गाठोडं टाकीवरून उचलून छातीशी धरलं होतं.

पोचलो तेव्हा मांडवात तांदूळ सांडलेले होते आणि जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. कुणी लांबचा मामा पुष्पलतेच्या पाठीशी उभा राहिला होता. ती दुसरंच लुगडं नेसली होती. तिनं ताराचंदकडं एकदा पाहिलं.

"फटफटीनं दगा देल्ला," ताराचंद म्हणाला.

"असू द्या," ती म्हणाली, रुखमाबाईच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि वाकून नमस्कार करून आत गेली.

परतल्यावर त्यानं मला मागच्या पडवीत ढकललं आणि वर गोणपाट टाकलं. त्यानंतर तो सायकलवर फिरू लागला. माझ्या टायरांतली हवा गेली, सीट उंदरांनी कुरतडली, कोंबड्या माझ्या दिव्यावर बसू लागल्या. मी थकले होतेच, पण या थकव्यात एक सल होता. छावणीत मी कितीतरी निरोप वेळेवर पोचवले, आणि शेवटी नाव पडलं ते दगाबाज म्हणून. पुष्पलता नंतर एकदाही मामाच्या घरी आली नाही. दिवाळीला रुखमाबाई दोन लाडू जास्त वळायची आणि शेवटी ते वच्छलाबाईंकडं द्यायची.

अशी सहा वर्षं गेली. एकोणसाठच्या थंडीत एका सकाळी माझ्यावरचं गोणपाट निघालं. समोर ईश्वरदास मिस्त्री होता, त्याला माझे सुटे भाग हवे होते. आणि त्याच सकाळी पुष्पलता आपल्या लहान मुलीला घेऊन दारात उभी राहिली, मामीनं निरोप धाडला होता म्हणून. दोघांना एकाच दिवशी कुणी बोलावलं, ते मी सांगायला नको.

ईश्वरदासनं मला ठोकून पाहिलं. "काय गा ताराचंद, गाडी तं दणकट आहे. काहून टाकून देल्ली?" त्यानं झाकण काढून उजेडात धरलं, खिशातल्या सुईनं टोकरलं. वाळून कडक झालेली सुताची चिमूट बाहेर आली. "अन् हे कोनं बुजवलं? हवा कुठून घेईन बिचारी?"

रुखमाबाई पदराशी चाळा करत नवऱ्याकडं बघत होती. पुष्पलतेनं ती चिमूट हातात घेतली, चोळली. खळ गळून आतला रंग दिसला. तो रंग ती ओळखत होती.

ताराचंद खाली पाहत म्हणाला, "म्या बुजवलं. तुह्या लुगड्यावर पेट्रोल सांडू नये म्हून. माह्यी चूक फाट्यावरच समजली होती मले. पण सांगाची लाज वाटली."

पुष्पलतेच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामा, मले वाटलं, तुम्हाले आमचं घर पसंत नोतं म्हून तुम्ही मुद्दाम उशिरा आले. फटफटी बंद पडली, हे तं कोनीबी सांगते. हे सुताचं सांगतलं असतं ना, तं त्याच दिवशी पटलं असतं. असा येडेपणा तुमच्याशिवाय कोन करन?"

आणि रडता रडता ती हसली. ताराचंदही हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही, रडू आलं. सहा वर्षं त्यानं एका चिमूटभर सुतासाठी भाची गमावली होती.

"लुगडं पेटीतच आहे," ती म्हणाली. "घडी मोडली नाही. आता मोडन. मले घरी पोचवून द्या, फटफटीवर."

ईश्वरदासनं मला सदरला नेऊन चार दिवसांत उभं केलं. ताराचंद रोज तिथं जाऊन बसे, आणि पहिल्यांदाच "हे कशासाठी असते?" असं विचारायला शिकला. मग मामा पुढं, भाची मागं, मधे तिची चिमुरडी, असे आम्ही कांद्रीला निघालो. ती चिमुरडी ओरडत होती, "अजून जोरात!" मी माझ्या बेतानंच चालले, पण कुठं थांबले नाही. दारात जावई आला. ताराचंदनं पाणीही घेतलं नाही, आधी त्या भोकाची सगळी गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगितली. उरलेल्या तीन नटांसकट.

आता मी फारशी कुठं जात नाही. मित्रांनो, तुमच्या घरी एखादं यंत्र असेल तर त्याला वेळेवर पुसा, तेल द्या, पण ब्रेकला देऊ नका. एखादं भोक दिसलं तर बुजवण्याआधी ते कशासाठी आहे, हे कुणाला तरी विचारा. आणि तरीही चुकलात, तर आमचं नाव सांगू नका. आम्हाला ओझं वाहायची सवय आहे, पण ते ओझं फार जड होतं.

माझ्या झाकणाचं भोक आज उघडं आहे. टाकी भरली की अजूनही दोन थेंब बाहेर येतात. ताराचंद ते बोटानं पुसतो आणि म्हणतो, "सांडू दे."