नंदीनं चाटलेलं कपाळ

दुपारी कचेरीला सुट्टी झाली, की धाराशिवच्या चौकातल्या लिंबाखाली शिदोऱ्या सुटायच्या. कारकून, हमाल, बाजारकरी सगळे तिथंच जेवायला बसत, कारण बैल घेऊन गावात आलेल्या नंदीबाबाचा खेळ फुकट होता. निजामाच्या राज्यात फुकट दुसरं मिळत तरी काय होतं?

बाबा आधी सगळ्यांच्या कपाळाला विभूती लावी. मग झूल पांघरलेला बैल कपाळं हुंगत फिरे. ज्याचं कपाळ चाटेल त्यानं गावावर भानामती केली, असं ठरे.

"श्रीशैलाचं गवत खाल्लेला नंदी हाय!" बाबा गरजे. "ह्याची जीभ म्हंजी सरकारी शिक्का! अपील न्हाय, फिर्याद न्हाय!"

काल बैलानं म्हाताऱ्या इरम्माला चाटलं होतं. "बैल त्यो बैलच," असं म्हणून ती पहिल्याच दिवशी हसली होती आणि बाबानं तेव्हाच तिला हेरलं होतं. दात पाडले की भानामतीवालीला मंत्र म्हणता येत नाही, हा गावचा शोध. म्हणून आज तिला चौकात आणून बसवलं होतं आणि बाजारातला दांडगा हिंमतराव लोहाराकडून सांडशी आणून तयार होता. इरम्माचे दात मुळातच मोजके. एवढ्यावर भागेल का, यावर भाकरी मोडता मोडता खल चालला होता.

तिची धाकटी बहीण गिरिजाबाई रागानं बाबाच्या हातांवर नजर ठेवून होती. काल कपाळ धुताना इरम्मा म्हणाली होती, "खारट लागतंय गं." तेव्हा गिरिजाबाईला वाटलं, आक्काच्या डोळ्यांतलं पाणीच असेल. पण आज सकाळी गोठ्यातल्या बैलानं मिठाचा खडा संपवून तिचा तळहात चाटायला घेतला आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

दात पाडण्याआधी नंदीची साक्ष पुन्हा घ्यायची म्हणून बाबानं कमरेच्या उजव्या बटव्यातून सगळ्यांना विभूती लावली. इरम्मापुढं येताच त्याचा हात डाव्या बटव्यात गेला. गिरिजाबाईनं तो बटवाच ओढून घेतला.

"बाबा, आज तुमाला आमच्या हातची विभूती!"

"मला? मला कशाला?"

"विभूतीला नगं म्हणता व्हय?"

विभूतीला नको म्हणणारा माणूस त्या बाजारपेठेत कुणी पाहिलाच नव्हता. बाबानं मुकाट कपाळ पुढं केलं. उरलेली तिनं हिंमतरावाला फासली.

बैल आला आणि त्यानं बाबाला गालासकट चाटलं. "हट्! आरं, म्या हाय, म्या!" बाबा ओरडला. मग बैल हिंमतरावाकडं वळला आणि मिशाही सोडेना.

"बाबाच भानामतीवाला! हिंमतराव बी! सांडशी कुठंय?" लोक उठले. सांडशी हिंमतरावाच्याच हातात होती. त्यानं ती टाकून दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"खबरदार!" गिरिजाबाई मध्ये उभी राहिली. "कुणाचाच दात पडणार न्हाय. आधी चाखा."

कारकून कल्याणप्पानं रिकाम्या बटव्यात बोट फिरवून चाखलं. "मीठ हाय की हो!"

"गोठ्यात रोज बैलाला मीठ चाटवताव, तवा कोण भानामती करतंय? झूल घातली की त्यो न्यायाधीश झाला? दुसऱ्याच्या दातांवर उठायच्या आधी सोताची जीभ तरी वापरा!"

बाबा बैल सोडून पसार झाला होता.

इरम्मानं हिंमतरावाच्या शिदोरीतली कडक भाकरी उचलून कालवणाला लावली. आपल्या मोजक्या दातांनी ती सावकाश चावत राहिली आणि सगळा चौक बघत राहिला.

"हिंमतराव," ती शेवटी म्हणाली, "कालवणात मीठ कमी हाय बघा."